भरती निघाली

1972 चा दुष्काळ ज्यांनी आईच्या कडेवरून पाहिला आणि मोबाईल हातात येईपर्यंत ज्यांचे केस पिकू लागले, ती आमची पिढी. जत तालुक्यातल्या आमच्या घरांत वर्तमानपत्राचा कागद दोनच कारणांसाठी जपला जायचा. एक दहावी-बारावीचा निकाल आणि दुसरं सैन्यभरतीची जाहिरात. निकालाचा कागद आठवडाभरात रद्दीत जायचा. भरतीचा कागद मात्र देव्हाऱ्याच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याखाली दाबून ठेवलेला असायचा. त्याची घडी इतक्या वेळा उघडायची आणि मिटायची की घडीवरची अक्षरं पुसून जायची, आणि नेमका छातीच्या रकान्यातला आकडा कुणालाच धड लागायचा नाही. मग आणखी एक कागद मिळतो का बघायला कुणीतरी ग्रामपंचायतीकडं पळायचं.

त्या जाहिरातीत चित्र नसायचं. बारीक टायपातला तक्ता असायचा. सैनिक जनरल ड्यूटी, क्लार्क, ट्रेड्समन, नर्सिंग असिस्टंट. पुढं वय, शिक्षण, उंची, वजन, छाती. खाली कुठल्या जिल्ह्यानं कुठल्या तारखेला कुठल्या मैदानावर हजर राहायचं ते. सोबत काय आणायचं त्याची यादी: शाळा सोडल्याचा दाखला, मार्कलिस्ट, तहसीलदाराचा रहिवासी दाखला, चारित्र्याचा दाखला, फोटो. सांगलीहून येणाऱ्या एसटीबरोबर पेपर गावात दुपारी उतरायचा आणि संध्याकाळपर्यंत एकच वाक्य गल्लीगल्लीत फिरायचं: "भरती निघाली!"

जाहिरात एका पोराला उद्देशून असायची, पण तिला उत्तर द्यायचं ते सगळं घर. आमच्या पिढीच्या आठवणींत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. पोरगं काय म्हणतं ते सगळ्यांत शेवटी विचारलं जायचं. आधी आज्जा ऐकायचा, मग थोरले चुलते, मग चुलीपाशी बसलेल्या आई आणि काकी. कर्नाटकच्या सीमेकडच्या संख, उमदी, बिळूर या पट्ट्यातल्या आमच्या सोयऱ्यांच्या घरात तर जाहिरात मराठीत वाचली जायची, चर्चा कन्नडमध्ये व्हायची आणि अर्ज हिंदी-इंग्रजीत भरला जायचा. पण घरोघरी प्रश्न तेच असायचे. पगार किती? सुट्टी किती? लढाई लागली तर? आणि याच्या वाटणीचं रान कोण बघणार?

शेवटचा प्रश्न जतमध्ये फार जड नव्हता, कारण रानात बघण्यासारखं वर्षातून काही महिनेच असायचं. ज्वारी, बाजरी, थोडी मटकी, माडग्याळी मेंढरं आणि आभाळाकडं लागलेले डोळे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याची गोष्ट आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत होतो. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांच्या घरी नियमित पगार म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कुणी ऊसतोडीला गेलं, कुणी मुंबईच्या गिरणीत गेलं. 1982 च्या संपानं गिरणीची वाट बंद झाली. त्यानंतर आमच्या वयाच्या पोरांसमोर कायमच्या नोकरीच्या वाटा उरल्या त्या शिक्षक, पोलीस, एसटी आणि मिलिटरी. पहिलीला डी.एड. लागायचं आणि मधल्या दोन्हींत बहुतेक ओळख. मिलिटरीत फक्त अंग लागतं, असं गाव म्हणायचं.

म्हणून जाहिरात आली त्याच संध्याकाळी घरात मापं सुरू व्हायची. आमच्या वाड्याच्या सोप्यातल्या दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर साडेपाच फुटांच्या किंचित वर कोळशानं ओढलेली एक रेघ होती. ती तात्यांनी, म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांनी, स्वतः भरती होताना ओढली होती. दरवर्षी दिवाळीत भिंतींना चुना लागायचा, पण ती रेघ सोडून. प्रत्येक पोरगं त्या रेघेखाली टाचा टेकवून उभं राहायचं आणि आक्का पुस्तकाचा पुठ्ठा डोक्यावर आडवा धरून बघायची. छातीसाठी शिंप्याची टेप आणली जायची. आधी साधी छाती, मग श्वास भरून. पाच सेंटीमीटर फुगली पाहिजे, हे घरातल्या बायकांनाही पाठ होतं. श्वास भरताना पोरगं लालबुंद व्हायचं आणि आज्जी ओरडायची, "सोड रं, सोड! जीव जाईल त्येचा." मग त्या दिवसापासून त्याच्या ताटात दुधाचा पेला जास्तीचा यायचा. बाकीच्या भावंडांनी त्यावरून कधी कुरकुर केली नाही. घरातला एकजण निघाला आहे, हे सगळ्यांना कळत होतं.

आज्जाचा या साऱ्याला पाठिंबा होता, पण त्याचं बोलणं वेगळं असायचं. तो दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीपर्यंत जाऊन आला होता. नाईक यशवंत घाडगे जुलै 1944 मध्ये इटलीत पडले आणि नामदेव जाधवांनी एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीकाठी गोळीबारातून जखमी सोबत्यांना उचलून आणलं, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ही हकीकत आम्ही शाळेच्या पुस्तकाच्या आधी त्याच्या तोंडून ऐकली. तो सांगायचा की त्याच्या वेळी जाहिरात छापून येत नसे. साहेब यायचा, सोबत गावचा एखादा पेन्शनर सुभेदार असायचा, चावडीसमोर पोरांना उभं करायचे आणि छातीवर बुक्की मारून बघायचे. "पोट भरायला गेलो. मर्दुमकी नंतर शिकलो," असं तो सरळ सांगायचा. हे सांगताना त्याला लाज वाटायची नाही आणि ऐकताना आम्हालाही वाटली नाही.

त्याच काळात आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळी कवायत चालू होती. सांगली हे नाव मिळण्याआधी 1960 पर्यंत आपला जिल्हा दक्षिण सातारा होता, आणि त्याआधी त्यातला बराच मुलूख साताऱ्यातच धरला जायचा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार 1943 पासून त्याच मुलखात उभं राहिलं. कुंडलला तूफान सेनेची पोरं इंग्रजांविरुद्ध लाठी-बंदुकीचं शिक्षण घेत होती. एकाच मुलखातली पोरं इंग्रजांच्या पलटणीत लढत होती आणि इंग्रजांशीही लढत होती. आज्जाला आम्ही विचारलं होतं की तुम्हाला त्या पोरांचा राग यायचा का. तो म्हणाला, "राग कशाचा? ती पण आपलीच पोरं. घरचं भागत असतं तर मी बी तिकडंच असतो." मराठी घरांनी सैन्याकडं कसं बघितलं, हे समजून घ्यायचं तर हे उत्तर ध्यानात ठेवावं लागतं.

आणि अभिमान तर होताच. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी हे गाव ठाऊक नाही असं घर आमच्याकडं नव्हतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जवान कामी आले. आजही तिथं पिढ्यान्‌पिढ्या घरटी फौजी आहे. देशातली पहिली सैनिक शाळा 23 जून 1961 ला साताऱ्यात सुरू झाली. तिच्या प्रवेशपरीक्षेला बसलेला मुलगा गावात निघाला तर त्याच्याकडं लोक वळून बघायचे. या अभिमानात जतच्या मातीचाही वाटा होता. तालुक्यातल्या उमराणीजवळ 1673 मध्ये प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाच्या फौजेचं पाणी तोडून तिला कोंडीत धरलं होतं. पाण्यावाचून माणूस कसा शरण येतो, हे जतकराला इतिहासात वाचावं लागत नाही, म्हणून ती गोष्ट आमच्या मास्तरांनी सांगितली तेव्हा वर्गात कुणी हललं नव्हतं.

भरतीच्या आदल्या रात्री घर झोपायचं नाही. बेळगाव असो की कोल्हापूर, पोरं एसटीनं नाहीतर जत रोड स्टेशनावरून मिरजेला जाणाऱ्या छोट्या गाडीनं निघायची. पिशवीत ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कागदपत्रांची प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल आणि यल्लम्माचा नाहीतर गुड्डापूरच्या दानम्मादेवीचा अंगारा. मैदानाबाहेर हजारो पोरं फुटपाथवर, दुकानांच्या पायऱ्यांवर, एसटी स्टँडवर उशाला फाईल घेऊन पडलेली असायची. शहरातली माणसं दोन तऱ्हांनी वागायची. कुणी कपाळाला आठ्या घालून दुकानासमोरून हुसकायचे. आणि कोल्हापुरात अशीही मंडळं होती जी पहाटे चहा आणि पोह्यांची पातेली घेऊन रस्त्यावर उभी राहायची. ज्यांनी ते पोहे खाल्ले, त्यांनी त्या शहराचं नाव आयुष्यभर आदरानं घेतलं.

पहाटे अंधारात रांग. उंचीच्या खांबाखालून गेला तो पुढं. मग एक मैलाची, म्हणजे 1.6 किलोमीटरची धाव. आज साडेपाच मिनिटांत ती पुरी केली की 60 पैकी 60 गुण मिळतात. मग बीम, दहा मारले की 40. नऊ फुटी खड्डा, झिगझॅगवरचा तोल. आमची पोरं धावायला कमी पडायची नाहीत. विहिरीवरून पाण्याच्या घागरी आणणं आणि शाळेला मैलोन्‌मैल चालत जाणं हाच सराव होता. अडायचं ते मेडिकलात. गुडघे जुळतात. तळवा सपाट आहे. दात कमी आहेत. कानात मळ आहे. ज्याला आयुष्यात कधी डॉक्टरनं हात लावला नव्हता, त्याला त्या एका सकाळी कळायचं की आपल्या अंगात काहीतरी उणं आहे.

आमच्या घरातून दोघे भाऊ एकाच भरतीला गेले होते. थोरला, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो लागला. मधला मेडिकलात परत आला. दादाच्या लागण्याचे पेढे वाटायचे की नाही, यावर घरात बराच वेळ कुणी बोललंच नाही. शेवटी मधलाच उठला, जतला जाऊन पेढे घेऊन आला आणि पहिला पेढा त्यानं आज्जाच्या हातावर ठेवला. गावानं त्याला नंतर पुष्कळ विचारलं, "काय कमी पडलं रं?" तो प्रत्येकाला सांगायचा, "गुडघे." पण घरात त्याला तो प्रश्न कुणी केला नाही. पुढं त्यानं डाळिंबाची बाग उभी केली, दोन पोरं शिकवली आणि पहाटे उठायची सवय म्हातारपणापर्यंत सोडली नाही. लागलेल्यांच्या गोष्टी सगळे सांगतात. परत आलेल्यांनीही तितकीच कसरत केली होती, तितकीच पहाट बघितली होती, आणि त्यांच्या नावानं कुठं पाटी लागत नाही.

दादा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला गेला. 1922 पासून हे सेंटर बेळगावात आहे. त्यामुळं आमच्या सीमाभागातल्या घरांना ट्रेनिंग म्हटलं की बेळगावच डोळ्यांसमोर यायचं. रंगरुटाचं ट्रेनिंग तेव्हा आठ-नऊ महिन्यांचं असायचं. पहिलं पत्र आलं ते आईनं दोनदा वाचून घेतलं. त्यात केस कापल्याचं, पहाटे चारला उठवतात त्याचं आणि जेवणात भरपूर वरण असतं त्याचं लिहिलं होतं. रगड्याबद्दल, म्हणजे शिक्षेच्या कवायतीबद्दल, एक अक्षर नव्हतं. तात्यांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "लिहीत न्हाई म्हणजे चांगलं रगडत्यात." आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की तात्या उठून बाहेर गेले.

ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय, हे घरातल्या बायकांनी पाहिलं ते पडद्यावर. दूरदर्शनवर 1988 मध्ये 'परमवीर चक्र' लागली आणि पुढच्या वर्षी 'फौजी'. गावातल्या दोन-तीन टीव्हींसमोर अंगण भरायचं. 'फौजी'तली पोरं अधिकारी होणारी, शहरी, हसरी. ती मालिका आम्हाला आवडली, पण ते आमच्या दादाचं ट्रेनिंग नव्हतं. 1991 मध्ये नाना पाटेकरांचा 'प्रहार' आला आणि त्यात कमांडोंना कसं घडवतात ते सविस्तर दाखवलं होतं. नानांनी त्यासाठी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर राहून शिक्षण घेतलं होतं. जतला टॉकीजमध्ये तो बघताना काकी पदर तोंडाला लावून रडली. बाहेर आल्यावर पुरुष मंडळी म्हणत होती, "असंच पाहिजे, त्याशिवाय पोरगं घडत नाही." बायका गप्प होत्या. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "शिकवा की. पण माणसासारखं शिकवा." सैनिकी शिक्षणावर मी पुढं पुष्कळ वाचलं, निवृत्त अधिकाऱ्यांची भाषणं ऐकली. कडक शिस्त आणि अपमान यांतली रेघ ओळखणारा अधिकारी चांगला, असं ते सगळे वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. आईनं ते दोन वाक्यांत सांगितलं होतं.

दादाचं ट्रेनिंग संपलं तेव्हा कसम परेडला सगळं घर बेळगावला गेलं. दोन चुलते, आई, काकी, आक्का, आम्ही पोरं आणि काठी टेकत आज्जा. मैदानावर शेकडो पोरं एका पावलानं चालत आली. समोर राष्ट्रध्वज आणि धर्मग्रंथ, आणि त्यासमोर शपथ. नंतर "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही घोषणा उठली तेव्हा आज्जा खुर्चीतून उठून ताठ उभा राहिला. आई मात्र सगळ्या रांगांमध्ये दादाला शोधत होती आणि तो तिला सापडत नव्हता. सगळी पोरं सारखीच दिसत होती. परेड संपल्यावर तो स्वतः समोर येऊन उभा राहिला, तेव्हा तिनं आधी त्याचे हात हातात घेऊन तळवे बघितले. रान कसणाऱ्या बापाच्या तळव्यासारखेच ते राठ झाले होते. अलीकडं या सोहळ्यात आईवडिलांच्या छातीवर गौरव पदक लावतात. हे फार योग्य झालं, कारण पोरगं घडवण्याचा पहिला भाग त्यांनी पुरा केलेला असतो.

त्यानंतरची वीस वर्षं आमचं घर एका आकड्यावर जगलं. पत्राचा पत्ता असायचा मार्फत 56 ए.पी.ओ., नाहीतर 99 ए.पी.ओ. त्यात गाव नाही, राज्य नाही. दादा बर्फात आहे की वाळूत, हे सुट्टीवर आल्यावरच कळायचं. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा त्या दिवशी आईचा आवाज वेगळा असायचा. त्या पैशांवर आक्काचं लग्न झालं, विहिरीला मोटार बसली, मधल्याच्या डाळिंबाची पहिली रोपं आली. गावातली पहिली पक्की घरं फौजींचीच. सुट्टीवर आलेल्या दादाची काळी ट्रंक दारात उतरली की तिच्यावरच्या पांढऱ्या अक्षरांतला त्याचा नंबर आम्ही पोरं मोठ्यानं वाचायचो.

तात्या 1971 च्या लढाईतले. 11 डिसेंबर 1971 ला टांगाइलला छत्रीनं उतरलेली 2 पॅरा मुळात मराठा पलटण, हे ते प्रत्येक 16 डिसेंबरला सांगायचे. त्यांच्या आईनं त्या दिवसांत रेडिओ बंद केला होता. बातम्या ऐकणार नाही, पत्र आलं तरच सांगा, असा तिचा हट्ट. 1999 मध्ये कारगिलच्या वेळी टीव्ही घरात होता आणि तो दिवसभर चालू असायचा. आमच्या आईनं तो एकदाही बंद करू दिला नाही. दोन आया, दोन लढाया, आणि भीती एकच. त्याच वर्षी, त्या तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या बघूनही, भरतीच्या रांगा वाढल्या. बाहेरून बघणाऱ्याला हे कोडं वाटतं. आम्हाला वाटलं नाही. त्या रांगेत देशावरचं प्रेम खरं होतं आणि नोकरीची गरजही खरी होती. एकामुळं दुसऱ्याला कमीपणा येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सैन्याची दुसऱ्या जातीची जाहिरात टीव्हीवर आणि मासिकांत यायला लागली. अधिकारी कमी पडत होते, म्हणून शिकलेल्या तरुणांना इंग्रजीतून आव्हान केलेलं असायचं: तुझ्यात ते आहे का? रंगीत फोटो, डोंगर, हेलिकॉप्टर, झळाळते बूट. आमच्या धाकट्या चुलत भावानं ते पान भिंतीवर चिकटवलं. तो कॉलेजात पहिला येणारा. पण एस.एस.बी.ची मुलाखत कशी असते, गटचर्चा म्हणजे काय, हे सांगणारं जतमध्ये कुणी नव्हतं. दादा जवान होता. त्यानंही ते जग आतून पाहिलं नव्हतं. जवानाच्या जाहिरातीला उत्तर द्यायला अख्खं घर तयार होतं. अधिकाऱ्याच्या जाहिरातीपुढं ते घर मुकं झालं. आपल्या भागातून हजारो शिपाई गेले आणि त्या मानानं अधिकारी फार थोडे, याचं एक कारण मला त्या भिंतीवरच्या पानात दिसतं. त्या पानानं घराला ओळख दिली नाही. साताऱ्याच्या सैनिक शाळेसारखी संस्था ज्यांच्या वाट्याला आली, त्यांची गोष्ट वेगळी झाली.

आता पुढची पिढी. 2020 आणि 2021 मध्ये करोनानं भरतीचे मेळावे थांबले. पोरं मात्र जत-सांगली रस्त्यावर पहाटे धावत राहिली आणि धावता धावता वयात बाद होत गेली. 14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपयांचं आणि चौथ्या वर्षी 40,000 चं पॅकेज, त्यातला काही भाग कापून सरकारच्या तेवढ्याच भरीसह अखेरीस सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी, चारातला फार तर एक जण कायम. बाकीच्यांना पेन्शन नाही. दोन वर्षं भरती झाली नव्हती म्हणून त्या वर्षापुरती वयाची अट 21 वरून 23 केली. बिहार, उत्तर प्रदेश, तेलंगणात पोरांचा राग रस्त्यावर आला, रेल्वे जळल्या. आपल्याकडं तसं झालं नाही. आपल्याकडं घरं बसली आणि हिशेब करू लागली.

आमच्या घरात तो हिशेब दादाच्या समोरच झाला. पेन्शन घेणारा फौजी एका बाजूला आणि अग्निवीर व्हायला निघालेला पुतण्या दुसऱ्या बाजूला. दादा म्हणाला, "जा. ट्रेनिंग फुकट जात नाही." त्याची बायको म्हणाली, "पंचविशीच्या आत परत आला तर पुढं काय?" मधला, तोच मेडिकलात परत आलेला, म्हणाला, "परत आला तर माझ्या बागेत जागा आहे, पण शिक्षण अर्धवट सोडून जायचं नाही." लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे आता पहिला प्रश्न करतात, चारांतल्या एकात येणार का? या प्रश्नाला पोराकडं उत्तर नसतं आणि ते त्याच्या हातातही नसतं. आज्जाच्या वेळी साहेब छातीवर बुक्की मारायचा. पोराची परीक्षा तिथं संपायची. आता ती चार वर्षं चालू राहते, आणि सगळं घर तितकी वर्षं श्वास धरून असतं.

या साऱ्यात एक गोष्ट मनापासून आनंदाची आहे. पहाटेच्या त्या रस्त्यावर आता मुलीही धावतात. सैन्याच्या मिलिटरी पोलिसांत पहिल्या 83 महिला जवान मे 2021 मध्ये दाखल झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर पुण्याजवळच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची दारं मुलींना उघडली आणि मे 2025 मध्ये पहिल्या 17 जणी तिथून बाहेर पडल्या. आक्कानं आयुष्यभर भावांच्या डोक्यावर पुठ्ठा धरला, उंची मोजली. तिच्या नातीची उंची मोजायला ती स्वतः उभी राहिली, तेव्हा तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

आमच्या पिढीचं म्हणणं आता स्वच्छ आहे. सैन्यात जाणं ही मोठी गोष्ट आहे, आणि आमच्या घरांनी ती पोटासाठी आणि मानासाठी, दोन्हींसाठी केली. म्हणून जाहिरात देणाऱ्यांकडं एकच मागणं आहे. पोराला आव्हान द्या, जरूर द्या, पण सोबत त्याच्या घराशीही बोला. चार वर्षांनी काय मिळेल, काय मिळणार नाही, जखमी झाला तर काय, परत आला तर कुठल्या नोकरीत किती राखीव जागा, हे सगळं मराठीत, आणि जतच्या पूर्वभागात कन्नडमध्येही, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या. अधिकारी होण्याची वाट दाखवणारा माणूस तालुक्याच्या कॉलेजात वर्षातून एकदा तरी पाठवा.

आणि घरांना सांगायचं ते एवढंच. पोरगं पहाटे धावतंय, धावू द्या, पण त्याची पदवी अर्धी राहू देऊ नका. आणि मेडिकलात, धावेत किंवा चार वर्षांनी ते परत आलं, तर दारात त्याला काय कमी पडलं ते विचारू नका. लागलेल्याचे पेढे वाटता, तसे त्याचेही वाटा. त्यानंही तेवढीच तयारी केलेली असते.